पहिलं पिस्तूल निवडताना: सराव आणि घराचं रक्षण

पहिलं पिस्तूल घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा "सगळ्यात ताकदीचं कोणतं?" इथूनच सुरुवात करतो. नवशिक्यांना नेमबाजी शिकवताना मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की आता उत्तर देण्याआधी मीच विचारतो: महिन्यातून किती वेळा सराव करणार? घरात लहान मुलं आहेत का? हाताच्या पंजात जोर किती आहे? या तीन उत्तरांवरून निम्मी निवड होऊन जाते. हे हत्यार अर्ध्या झोपेत, घाबरलेल्या अवस्थेत, थरथरत्या हातांनी वापरावं लागण्याची शक्यता असते. त्या क्षणी उपयोगी पडते ती हाताला लागलेली सवय. सवय लागते सरावाने, आणि ज्या पिस्तुलाने हात दुखतो, ज्याची काडतुसं महाग पडतात, त्याचा सराव कोणी करत नाही. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे.

हत्यार घेण्याआधीची तयारी

पहिलं काम कायद्याचं. तुम्ही राहता तिथे परवाना लागतो का, कोणत्या बोअरला (म्हणजे नळीच्या आणि काडतुसाच्या मापाला) परवानगी आहे, हत्यार घरात कसं ठेवावं लागतं, नेमबाजीच्या रेंजवर नेताना कसं न्यावं लागतं आणि स्वसंरक्षणात बळ कधी वापरता येतं, हे लेखी नियमांतून वाचून घ्या. दुकानदाराच्या किंवा मित्राच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका. बोअरचा नियम तर निवडीवर थेट परिणाम करतो. काही देशांत लष्करात वापरली जाणारी काडतुसं नागरिकांना वर्ज्य असतात. इटलीत ९×१९ मिमीवर (गोळीची जाडी × आवरणाची लांबी) अशी बंदी होती, म्हणून तिथे ९×२१ मिमी हे किंचित लांब आवरणाचं काडतूस नागरिकांमध्ये रुळलं. तुमच्याकडे असा नियम असेल तर पुढची बरीचशी चर्चा .३२, .३८० किंवा .२२ या (इंचांत सांगितलेल्या) मापांपुरतीच उरेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं काम घराकडे नीट बघण्याचं. घरात कोणी नैराश्यातून जात असेल, दारूचं व्यसन असेल, रागाच्या भरात हात उगारण्याची सवय असेल, तर हत्यार घरात आणू नका. बंदूक असलेल्या घरात आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो, हे वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. निराशेचा झटका कित्येकदा काही तासांचा असतो. बंदूक हाताशी असली की तो झटका ओसरायला वेळच मिळत नाही. ही शंका मनात असेल तर मजबूत दरवाजा, चांगली कुलपं, बाहेरचा दिवा आणि अलार्म यांवर पैसे घाला. खरं तर ही सगळी व्यवस्था पिस्तूल घेणाऱ्यानेही आधी करायला हवी.

तिसरं काम बजेटचं. पिस्तुलाची किंमत हा एकूण खर्चाचा एक भाग झाला. तिजोरी, कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण, साफसफाईचं सामान, शिकवणी आणि पहिल्या काही महिन्यांची काडतुसं असा सगळा हिशेब एकत्र मांडा. पैसे कमी पडत असतील तर साधं पिस्तूल घ्या, पण तिजोरी आणि शिकवणी यांत काटकसर करू नका.

चार नियम, जे घोकून पाठ व्हायलाच हवेत

अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी मांडलेले चार नियम आज जगभर शिकवले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. जे उद्ध्वस्त झालेलं चालणार नाही, त्याच्यावरून नळीचं तोंड कधीही फिरू देऊ नका. नेम लक्ष्यावर बसेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. आपलं लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. या नियमांची रचना अशी आहे की एखादा चुकून मोडला तरी बाकीचे बहुधा जीव वाचवतात. अपघात होतो तेव्हा सहसा दोन नियम एकाच वेळी मोडलेले असतात.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या सिलिंडरमध्ये पाच किंवा सहा काडतुसं बसतात. चाप ओढला की सिलिंडर फिरतो, घोडा (मागून काडतुसावर आपटणारा भाग) मागे जातो आणि सुटतो. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. सिलिंडर बाहेर काढला की भरलेली आहे की रिकामी हे एका नजरेत दिसतं. हा फार मोठा गुण आहे. पण किंमतही मोजावी लागते. घोडा आधी न चढवता ओढायचा चाप जड असतो, अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये पाच किलोच्या आसपास. तो लांबवर ओढताना नवशिक्याची नळी हलते आणि गोळी खाली किंवा बाजूला जाते.

"साधी म्हणून रिव्हॉल्व्हर" हा सल्ला विशेषतः बायकांना आणि वयस्कांना सर्रास दिला जातो, आणि सोबत हातात ठेवली जाते खिशात मावणारी छोटी रिव्हॉल्व्हर. मला हा सल्ला मनापासून चुकीचा वाटतो. स्मिथ अँड वेसनच्या जे-फ्रेम प्रकारातल्या हलक्या रिव्हॉल्व्हर साधारण ४०० ते ४५० ग्रॅमच्या असतात. नळी दोन इंचांच्या आसपास, साईट (नेम धरायच्या खुणा) नावापुरती, चाप जड आणि झटका बोचरा. हे अनुभवी नेमबाजाचं हत्यार आहे. नवशिक्याने दहा गोळ्या झाडल्या की तळहात चुरचुरतो, आणि मग ती कपाटात जाते ती कायमचीच. रिव्हॉल्व्हरच हवी असेल तर चार इंची नळीची, पोलादी, पूर्ण आकाराची घ्या: स्मिथ अँड वेसन मॉडेल १० किंवा रुगर जीपी-१०० या जातीची. वजन किलोच्या आसपास असल्याने झटका त्या वजनातच जिरतो. .३५७ मॅग्नमची रिव्हॉल्व्हर असेल तर तिच्यात मवाळ .३८ स्पेशल काडतुसंही चालतात, सराव त्यांवर करता येतो. उलट मात्र करायचं नाही. .३५७ लांब असल्यामुळे .३८ च्या सिलिंडरमध्ये ते बसतही नाही.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात काडतुसं दस्त्यातल्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काढता येणाऱ्या पेटीत, असतात. गोळी सुटली की स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) मागे जाते, रिकामं आवरण बाहेर फेकते आणि येताना पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या घरात, ढकलते. चाप हलका असतो, गोळ्या जास्त मावतात आणि झटक्याचा काही भाग स्लाइड आणि स्प्रिंग खाऊन टाकतात. त्रास दोन ठिकाणी होतो. एक, स्लाइड ओढायला जोर आणि पद्धत लागते. दुसरा धोका जीवघेणा आहे: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असा समज. चेंबरमध्ये एक काडतूस तसंच बसलेलं असतं.

म्हणून पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडा. नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर. आधी मॅगझिन काढायचं. मग स्लाइड दोन-तीन वेळा पूर्ण मागे ओढायची आणि मागे अडकवायची. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं, तर तुम्ही स्वतःच नवं काडतूस चेंबरमध्ये भरून ठेवता.

माझं मत विचाराल तर हाताला स्लाइड ओढता येत असेल आणि शिकायची तयारी असेल, तर पहिलं हत्यार म्हणून मध्यम किंवा पूर्ण आकाराचं पिस्तूलच घ्यावं. आणि स्लाइड ओढता येत नाही असं म्हणणाऱ्या बहुतेकांना ती योग्य पद्धतीने ओढून दाखवली की जमते. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोरच्या सुरक्षित दिशेला. डाव्या हाताची चारही बोटं आणि तळहात यांत स्लाइडचा मागचा भाग घट्ट पकडा आणि उजव्या हाताने दस्ता जोरात पुढे ढकला. (डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.) नुसत्या चिमटीने मागे खेचायला गेलात तर जमणार नाही, पुढे ढकलताना सगळ्या अंगाचा जोर लागतो. तरीही जमत नसेल, संधिवाताने बोटं धरली असतील, तर हलक्या स्प्रिंगची पिस्तुलं मिळतात. स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझेड मालिका खास यासाठीच काढलेली आहे. बेरेटाच्या काही छोट्या पिस्तुलांत तर नळीचं मागचं टोक वर उचलतं आणि काडतूस थेट आत ठेवता येतं, स्लाइड ओढावीच लागत नाही.

बोअर

यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. नवशिक्यासाठी विषय तेवढा मोठा नाही.

.२२ एलआर (लाँग रायफल) हे झटका जवळजवळ नसलेलं, स्वस्त आणि शिकायला अप्रतिम काडतूस आहे. त्याची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. नेम, चाप आणि श्वास यांचा मेळ शिकायला याच्याइतका चांगला मास्तर नाही. मात्र त्याची बारूद पेटवणारी रासायनिक भुकटी आवरणाच्या कडेत भरलेली असते, आणि ती कधी कधी पेटत नाही. रक्षणासाठी त्याच्यावर विसंबण्यात ही मोठी अडचण आहे.

९ मिमी, म्हणजे ९×१९ मिमी, हे जॉर्ज ल्यूगर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बनवलेलं काडतूस. आज जगातली बहुतेक पोलीस दलं आणि सैन्यं तेच वापरतात. सरावाची गोळी साधारण ११५ ग्रेनची, साडेसात ग्रॅमच्या आत-बाहेर. झटका सहन होण्याजोगा, काडतुसं सहज मिळणारी, मॅगझिनमध्ये भरपूर मावणारी. कायद्याची आडकाठी नसेल तर पहिल्या पिस्तुलासाठी मी हेच सुचवतो.

.४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी सुमारे १५ ग्रॅमची असते. जड, संथ, आणि अनेकांच्या आवडीची. पण काडतूस महाग, मॅगझिनमध्ये कमी मावणारं, आणि नवशिक्याला दचकायला शिकवणारं. .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) १९९० साली आलं. अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेला १९८६ मधल्या मायामीच्या चकमकीनंतर जास्त खोल शिरणारी गोळी हवी होती, त्या शोधातून ते पुढे आलं आणि पोलिसांमध्ये पसरलं. पुढे ९ मिमीच्या गोळ्यांची रचना सुधारली आणि २०१६ साली एफबीआयने स्वतःच पुन्हा ९ मिमी पिस्तूल निवडलं. त्यांच्या परीक्षेत गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच जावी लागते, आणि आजच्या चांगल्या ९ मिमी गोळ्या ते करतात. झटका कमी असल्याने नेमकेपणा आणि वेग वाढतो हेही त्या निर्णयामागचं एक कारण होतं. अनुभवी एजंटांना जे लागू पडलं ते तुम्हाआम्हाला दुप्पट लागू आहे.

.३८० एसीपी आणि .३२ एसीपी ही त्याहून मवाळ काडतुसं. यात एक फसगत होते. या बोअरची पिस्तुलं बहुधा फार छोटी आणि हलकी असतात, त्यामुळे काडतूस मवाळ असूनही झटका ९ मिमीच्या मोठ्या पिस्तुलाहून जास्त बोचतो. झटका बोअरवर जितका अवलंबून, तितकाच वजनावर आणि दस्त्याच्या आकारावर अवलंबून असतो.

हाताला बसतं का, ते कसं पाहायचं

इथे घाई करू नका. चांगल्या कंपनीची दोन पिस्तुलं विश्वासार्हतेत जवळपास सारखी निघतील, पण तुमच्या हातात बसेल ते एखादंच.

आधी विचारून, रिकामं आहे याची स्वतः खात्री करून, पिस्तूल हातात घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खळगा दस्त्याच्या मागच्या बाजूला शक्य तितका वर दाबा. आता नळी तुमच्या मनगटाच्या आणि कोपराच्या रेषेत सरळ पुढे जायला हवी. बोट चापापर्यंत पोचवण्यासाठी दस्ता हातात फिरवावा लागत असेल, झटका अंगठ्याच्या सांध्यावर येत असेल, तर ते पिस्तूल तुमच्यासाठी मोठं आहे.

मग बोट चापावर ठेवून पाहा, अर्थात सुरक्षित दिशेला आणि मालकाच्या परवानगीने. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर आरामात यायला हवा. फक्त टोक पोचत असेल तर गोळी एका बाजूला ढकलली जाते. पेराचा सांधा चापात शिरत असेल तर दुसऱ्या बाजूला. अनेक आधुनिक पिस्तुलांच्या दस्त्याच्या मागच्या पट्ट्या बदलता येतात, त्या बदलून पाहा. दस्त्यावर तिन्ही बोटं मावतात का? डाव्या हाताच्या तळव्याला टेकायला जागा उरते का? ही जागा उरली नाही तर दुसऱ्या हाताची पकड नुसती शोभेची होते.

मॅगझिन सोडण्याचं बटण, स्लाइड अडकवायची खिटी, सेफ्टी असेल तर ती, हे सगळं पकड न मोडता किंवा थोडीशीच सैल करून हाती लागायला हवं.

शेवटी डोळे मिटा, पिस्तूल समोर उचला, डोळे उघडा. पुढची साईट मागच्या खाचेत जवळपास आलेली दिसली तर दस्त्याचा कोन तुमच्या मनगटाला मानवतो. कायम वर किंवा खाली दिसत असेल तर सवयीने सुधारता येईल, पण दुसरं मिळत असताना कशाला?

लांबीबद्दल एक हिशेब सांगतो, कारण छोट्या पिस्तुलाचा मोह सगळ्यांना होतो. पुढची आणि मागची साईट यांत १६० मिलिमीटर अंतर असेल आणि पुढची साईट एक मिलिमीटरने सरकली, तर ७ मीटरवर गोळी साधारण साडेचार सेंटिमीटर चुकते. तेच अंतर १०० मिलिमीटर असेल तर चूक ७ सेंटिमीटरची. घरात ठेवायचं हत्यार खिशात लपवायचं नसतं, मग छोटं घेऊन स्वतःची चूक कशाला वाढवायची? ग्लॉक १९ च्या आकाराचं, म्हणजे सुमारे चार इंची नळीचं पिस्तूल हा मला सगळ्यात समतोल आकार वाटतो. ग्लॉक १७, सिग सावर पी-३२०, स्मिथ अँड वेसन एम अँड पी, सीझेड-७५ अशी पूर्ण आकाराची पिस्तुलं सरावाला आणखी सुखाची असतात.

चापाचे प्रकार, थोडक्यात

स्ट्रायकर पद्धतीच्या (घोड्याऐवजी आतली स्प्रिंगची सुई काडतुसावर आपटणाऱ्या) पिस्तुलात, ग्लॉकसारख्या, प्रत्येक गोळीला चाप सारखाच लागतो, साधारण अडीच किलोच्या आसपास. शिकायला हे सोपं. बहुतेकांना बाहेरची सेफ्टी नसते, त्यामुळे बोटाची शिस्त हीच खरी सेफ्टी. सीझेड-७५ किंवा बेरेटा ९२ सारख्यांत पहिल्या गोळीचा चाप लांब आणि जड, पुढच्यांचा छोटा आणि हलका असतो. दोन वेगळे चाप शिकावे लागतात. १९११ या जुन्या अमेरिकन लष्करी प्रकारच्या पिस्तुलाचा चाप सुरेख असतो, पण ते घोडा चढवून सेफ्टी लावून ठेवायचं हत्यार आहे. नवशिक्याला मी ते पहिलं म्हणून देणार नाही.

घेण्याआधी झाडून पाहा

जिथे रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात, तिथे दोन-तीन मॉडेल झाडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मिळत नसतील तर एखाद्या नेमबाजी क्लबात जा. सभासद आपलं हत्यार आपल्या देखरेखीखाली बहुधा आनंदाने वापरू देतात.

कान आणि डोळे झाकलेच पाहिजेत. पिस्तुलाचा आवाज साधारण १५० ते १६५ डेसिबलचा असतो, आणि १४० च्या वरचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. बंद रेंजमध्ये कानात बोळे आणि वरून पूर्ण कान झाकणारे मफ, दोन्ही लावा.

पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. एक गोळी झाडून झटका कळू द्या. मग दोन, मग पाच. ५ मीटरवर कागद लावा आणि सावकाश पाच गोळ्या झाडा. त्यानंतर ७ मीटरवर पाच. दोन-तीन पिस्तुलांवर हाच क्रम ठेवा आणि कागद जपून ठेवा. ज्याच्यावर गोळ्यांचा पुंजका सगळ्यात लहान आला आणि पन्नास गोळ्यांनंतरही आणखी झाडाव्याशा वाटल्या, ते तुमचं पिस्तूल. दिसण्यावर जाऊ नका.

जुनं घेत असाल तर जाणकाराला सोबत न्या. नळीत गंज, फुगवटा किंवा वलय आहे का, स्लाइडला तडे आहेत का, चाप सोडल्यावर पुन्हा बसतो का हे पाहा. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा चढल्यावर सिलिंडर घट्ट बसायला हवा. तो हलत असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी सरळ येत नाही.

काडतुसं आणि भिंती

सरावाला फुल मेटल जॅकेट, म्हणजे तांब्याचं अखंड आवरण असलेली गोळी. ती स्वस्त असते, पण शरीरातून आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. रक्षणासाठी टोकाला पोकळी असलेली, आत शिरताना फुलणारी गोळी वापरतात, जिथे कायदा परवानगी देतो तिथे. तरीही भ्रमात राहू नका. पातळ आतल्या भिंती कोणतीही पिस्तुलाची गोळी पार करते, फुलणारीसुद्धा. चुकलेली गोळी पलीकडच्या खोलीत झोपलेल्या माणसापर्यंत जाऊ शकते. घरात फिरून बघा: कुठल्या कोपऱ्यातून कुठल्या दिशेला गोळी गेली तर मुलांची खोली लागते, शेजाऱ्याचं घर लागतं, कुठे दगडी किंवा भक्कम भिंत आहे.

रक्षणासाठी निवडलेली काडतुसं आधी तुमच्याच पिस्तुलात किमान पन्नास-शंभर झाडून पाहा. काही पिस्तुलं विशिष्ट आकाराच्या गोळ्या अडकवतात, आणि ते रेंजवर कळलेलं बरं.

रात्रीचा प्रश्न

घरातल्या बहुतेक भीतीचे प्रसंग अंधारात येतात, आणि आवाज करणारा माणूस बऱ्याचदा घरचाच असतो: उशिरा परतलेला मुलगा, पाणी प्यायला उठलेली आई. न ओळखता झाडलेली गोळी परत घेता येत नाही. म्हणून पिस्तुलासोबत एक चांगला हातातला टॉर्च हवाच. पिस्तुलावर बसणारा दिवाही उपयोगी, पण शोधाशोधीसाठी तो वापरू नका. दिवा जिकडे जातो तिकडे नळीही जाते.

घर तपासत फिरणं हे प्रशिक्षित तुकड्यांसाठीही धोक्याचं काम आहे. घरच्यांबरोबर आधीच ठरवा: आवाज झाला तर सगळ्यांनी कोणत्या खोलीत जमायचं, दार कोण लावणार, पोलिसांना फोन कोण करणार. खोलीत शिरा, दार बंद करा, फोन सुरूच ठेवा, आणि मोठ्याने सांगा की पोलीस येत आहेत. घुसखोर सामान घेऊन निघून गेला तर जाऊ द्या. पिस्तूल हे त्या दारातून कोणी तुमच्या जिवावर उठून आत येण्यापुरतंच आहे. पोलीस पोचले की ते हातातून खाली ठेवा. त्यांना दूरवरून तुम्ही कोण हे कळत नाही.

ठेवायचं कुठे

उशीखाली, कपाटावर, कपड्यांच्या घडीत ठेवू नका. मुलांना घरातल्या लपवायच्या जागा आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. बटणांच्या आकड्यांनी किंवा किल्लीने उघडणारी छोटी पोलादी तिजोरी घ्या आणि ती भिंतीला किंवा जड लाकडाला बोल्टने पक्की करा. सुटी तिजोरी चोर उचलून नेतो. आकड्यांचा क्रम वाढदिवसाचा नको. किल्ली असेल तर ती तुमच्या अंगावर, खणात नको. अंधारात, न बघता ती उघडायचा सराव करा, आणि बॅटरीवर चालणारी असेल तर बॅटरी ठरावीक तारखेला बदला. बाकीचं सगळं, म्हणजे जादा काडतुसं आणि सरावाचं सामान, वेगळ्या कुलपात.

मुलांशी बोला. हत्यार दिसलं तर थांबायचं, हात लावायचा नाही, तिथून निघून जायचं आणि मोठ्यांना सांगायचं, हे त्यांना शिकवा. पण मुलांनी शिकलेलं पाळलं नाही तरी अपघात होऊ नये, ही जबाबदारी तिजोरीची आणि तुमची.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात प्रमाणित प्रशिक्षकाकडे किमान एक वर्ग करा. घरी रोज दहा मिनिटं कोरा सराव करा, म्हणजे काडतुसांशिवाय चाप ओढण्याचा. पिस्तूल वर सांगितलेल्या क्रमाने रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या, पुन्हा तपासा, आणि ज्या भिंतीमागे कोणी नाही अशा भक्कम भिंतीकडे तोंड करा. पुढच्या साईटवर नजर रोखून चाप इतका हळू ओढा की तो कधी सुटला हे तुम्हालाच कळू नये. साईट हलली नाही तर ती गोळी बरोबर गेली असती. सराव संपला की मोठ्याने "संपला" म्हणा आणि पिस्तूल कुलपात टाका. पुन्हा भरल्यावर "अजून एकदा" म्हणून चाप ओढण्याच्या मोहातच अपघात होतात. .२२ च्या काही पिस्तुलांना कोऱ्या सरावाने चेंबरची कड बिघडते; तिथे नकली काडतूस वापरा आणि माहितीपुस्तिका आधी वाचा.

रेंजवर महिन्यातून एकदा पन्नास-शंभर गोळ्या पुरतात, एकाग्रतेने झाडल्या तर. पहिल्या दहा सावकाश. मग मित्राला मॅगझिनमध्ये मधे कुठेतरी एक नकली काडतूस घालायला सांगा. चाप ओढल्यावर गोळी सुटली नाही आणि तरीही नळी खाली झुकली, तर दचकणं तुमचं आहे, पिस्तुलाचा दोष नाही. दचकणं सुधारायला मला या एका युक्तीइतकं काहीच कामी आलेलं नाही. पैशाची सोय असेल तर .२२ चं वेगळं पिस्तूल सरावाला घ्या, रुगर मार्क फोर किंवा ब्राउनिंग बक मार्क यांसारखं. बरेच महिने मोठ्या बोअरवर चुकीची सवय लागण्यापेक्षा आठवडाभर .२२ वर बरोबर सवय लागलेली चांगली.

अडकलं तर काय करायचं हेही याच काळात शिका. चाप ओढला, आवाज नाही: नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबा, कारण काडतूस उशिरा फुटू शकतं. मग मॅगझिनवर तळहाताने ठोका, स्लाइड ओढा, पुन्हा नेम. आणि आवाज नेहमीपेक्षा बारका, फुसका आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढची झाडली तर नळी फुटते. पिस्तूल रिकामं करून रेंजच्या अधिकाऱ्याला दाखवा.

पकडीतल्या दोन चुका जखम करून जातात. पिस्तुलाच्या मागे अंगठा आडवा ठेवला तर मागे येणारी स्लाइड तो कापते. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीमधल्या फटीपाशी बोट आलं तर तिथून निघणारा तप्त वायू भाजतो. पिस्तुलावर दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढच्या दिशेला, एकमेकांवर ठेवा; रिव्हॉल्व्हरवर ते त्या फटीपासून दूर, मागेच राहू द्या.

रेंजवरून परतल्यावर आधी थंड पाणी आणि साबण यांनी हात-तोंड धुवा, मग काही खा. गोळ्यांच्या धुरात आणि भुकटीत शिसं असतं. कपडे वेगळे धुवा, आणि घरात रांगतं बाळ असेल तर बूट बाहेरच काढा. पिस्तूल साफ करताना टेबलावर एकही काडतूस नको. नळीतून चेंबरच्या बाजूने ब्रश, मग कोरडं कापड, स्लाइडच्या रुळांवर तेलाचे दोन-तीन थेंब, जादा पुसून टाका. तेल जास्त झालं की धूळ धरते. जोडून झाल्यावर स्लाइड दोनदा ओढून पाहा, चेंबर पुन्हा तपासा आणि तिजोरीत ठेवून कुलूप लावा.